सायकल घडवली कोणी?

‘सायकलचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धांमध्ये हमखास असतो. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर त्याचे एकच उत्तर लिहिलेले असते. खरे पाहता या प्रश्नाची निदान चार उत्तरे देता येतील. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम येथे कार्ल फोन ड्राइस याने दोन चाके एकामागे एक लावून, पायांनी जमीन रेटत चालवायचे लाकडी वाहन केले. त्याला पेडल नव्हते. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल बसले. ते मिशो यांच्या कारखान्यात बसले की लालमाँ नावाच्या कारागिराने बसवले, यावरून भांडण आहे. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आणली. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी धावा बसवल्या. यांपैकी कोणते उत्तर बरोबर मानायचे?

कोणतेही माना, वर्गातल्या तक्त्यात एक गोष्ट तशीच राहते. ‘शोध, शोधक, साल’ असे तीन रकाने असतात. ‘वापरणारे’ असा चौथा रकाना कधीच नसतो. मुलांच्या मनात त्यामुळे असे चित्र उभे राहते की यंत्र एखाद्या बुद्धिमान माणसाच्या डोक्यातून पुरे होऊनच बाहेर पडते, मग कारखान्यात जाते, मग दुकानात येते, आणि उरलेले आपण सगळे ते फक्त विकत घेतो. इतिहास म्हणून हे चित्र चूक आहेच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक खटकते. हाताने काम करणाऱ्याला ज्ञानाच्या हिशेबातून वगळण्याची जी सवय जातिव्यवस्थेने आपल्या समाजाला लावली, तिच्यावर हे चित्र विज्ञानाचा शिक्का मारून देते.

हा तक्ता खोडून काढणारे लेखन गेल्या चाळीस वर्षांत बरेच झाले आहे. त्यांतल्या दोन पुस्तकांविषयी येथे लिहायचे आहे. एक, डच अभ्यासक वीबे बायकर यांचे ‘ऑफ बायसिकल्स, बेकेलाइट्स अँड बल्ब्ज’ (१९९५). त्यातल्या सायकलविषयीच्या विवेचनाची सुरुवात बायकर आणि ट्रेव्हर पिंच यांच्या १९८४ सालच्या एका निबंधात झाली होती. दुसरे, ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांचे ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३), जे भारतातल्या सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भाताची गिरणी या चार यंत्रांविषयी आहे. दोन्ही पुस्तके शिक्षकांनी वाचावीत अशी आहेत. दोन्ही मला अपुरी वाटतात, आणि अपुरेपणाची कारणे वेगवेगळी आहेत.

बायकर यांचा मुद्दा समजून घ्यायचा तर आधी मोठ्या चाकाची सायकल समजून घ्यायला हवी. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असले की पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. म्हणजे एका फेऱ्यात किती पुढे जायचे ते चाकाच्या परिघावर ठरते. वेग हवा, तर चाक मोठे करा. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.७ मीटर नेते. त्याहून फार मोठे चाक करता येत नाही, कारण स्वाराचे पाय पेडलपर्यंत पुरायला हवेत. १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये अशा सायकलींची चलती होती. मागचे चाक अगदीच लहान, आणि स्वार जवळजवळ पुढच्या आसाच्या डोक्यावर बसलेला. वाटेत दगड आडवा आला की गडी डोक्यावर आपटायचा. पुढे निराळ्या सायकली आल्यावर या सायकलीला ‘ऑर्डिनरी’, म्हणजे साधी, असे नाव पडले. साध्या माणसाला मात्र ती चालवता येत नसे!

हे यंत्र चांगले होते की वाईट? बायकर विचारतात, कोणासाठी? धाडसी तरुणांना त्यातला धोका हेच आकर्षण होते. उंचावर बसून रस्त्यावरच्या लोकांकडे खाली बघता येत होते. पायघोळ झगे घालणाऱ्या स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांच्या दृष्टीने तेच यंत्र निरुपयोगी आणि घातक होते. ही माणसे तीनचाकीकडे वळली. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८८१ साली दोन तीनचाकी घेतल्या. बायकर म्हणतात की लोखंड एकच असले तरी येथे यंत्रे दोन होती, कारण दोन समूहांनी त्याला दोन अर्थ दिले होते. आणि सायकलीचा पुढचा प्रवास या अर्थांच्या ओढाताणीतून झाला. १८७९ साली हॅरी लॉसन याने साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल केली होती. तत्त्व आजच्या सायकलीचेच होते, पण ती बाजारात चालली नाही. तांत्रिक उत्तर हाताशी असूनही ते सर्वमान्य व्हायला, पिंच आणि बायकर यांच्या हिशेबाने, १८७९ ते १८९८ अशी एकोणीस वर्षे लागली.

हवेच्या धावेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. डनलॉपने ती केली हादरे कमी व्हावेत म्हणून. शर्यतवाल्या तरुणांना हादऱ्यांची तक्रारच नव्हती. त्यांना ती जाडजूड रबरी वळकटी पाहून हसू आले. मग मे १८८९मध्ये बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम हा या धावांच्या सायकलीवर बसून जिंकत गेला, आणि हसणे थांबले. ‘हादरे कमी करणारी वस्तू’ ही ‘वेग वाढवणारी वस्तू’ ठरली. रबर आणि हवा तीच होती. विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी, कारण हवेच्या धावेमुळे खडबडीत रस्त्यावर ऊर्जा कमी वाया जाते हा भौतिकशास्त्राचा मुद्दाही तिच्यातच आहे.

(साखळीने नेमके काय केले ते मोजून पाहायचे असेल, तर जुन्या पद्धतीची काळी सायकल शोधा. पुढच्या चक्राचे दाते ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलचे १८ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे घेते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात ५.४ मीटर! दीड मीटरच्या चाकाहून जास्त, आणि पाय जमिनीला टेकतात.)

बायकर यांच्या तपशिलांवर सायकलीच्या इतिहासाचे अभ्यासक निक क्लेटन यांनी २००२ साली बरीच टीका केली. तो तज्ज्ञांचा वाद आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. बायकर यांच्या मते एका टप्प्यावर ओढाताण संपते, यंत्राचा अर्थ ठरून जातो आणि त्याचे रूप पक्के होते. त्यांची सायकल १८९८ साली ‘पुरी’ होते. पुरी कोणासाठी? इंग्लंडमधल्या ग्राहकांसाठी. जगातल्या बहुतेक लोकांनी तोवर सायकल पाहिलीही नव्हती.

गंमत अशी, की श्रीमंत देशांतही ती पुरी झालेली नव्हती. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४०च्या काळातल्या जुन्या, जड सायकली भंगारातून उचलून डोंगरउतारावरून खाली सोडायचे खेळ खेळू लागले. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्यांच्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. ती १९७६पासून होऊ लागली. त्यांनी जाड धावा, चांगले ब्रेक आणि गिअर बसवले. मग त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने १९७७ साली यासाठी खास सांगाडा तयार केला, आणि १९८१पासून कारखान्यात बनलेल्या ‘माउंटन बाइक’ विकायला आल्या. आज आपल्याकडची शाळकरी मुले जी जाड टायरची सायकल वडिलांकडे हट्टाने मागतात, तिचे मूळ या भंगारातल्या सायकलींत आहे.

हे तरुण आता इतिहासात आहेत. त्यांची नावे, छायाचित्रे, शर्यतींच्या वेळा, सगळे नोंदलेले आहे. आता आपल्याकडे पाहू.

दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवण्यासाठी लोखंडी आकडे करून घेतले. वजनाने पुढचा फोर्क वाकू नये म्हणून आसापासून हँडलपर्यंत जादा सळ्या लावून घेतल्या. गोव्यातल्या पोदेराने कॅरिअरवर वेताबांबूची भली मोठी टोपली बांधली आणि घंटीऐवजी रबरी भोंगा लावला, कारण त्याला रस्त्यातली माणसे बाजूला करायची नसतात, घरातली माणसे बाहेर बोलवायची असतात. धार लावणाऱ्याने तर सायकलीचा कारखानाच केला. मागचे चाक जमिनीपासून वर उचलणारा स्टँड सायकलीला होता तो ती उभी करण्यासाठी. चाक अधांतरी आहे, म्हणजे ते फिरवून दुसरे काही फिरवता येईल, हे धार लावणाऱ्याने ओळखले. त्याने चाकावरून पट्टा घेऊन सहाण फिरवली. गावात आला की सायकल स्टँडवर लावायची, सीटवर बसून पेडल मारायचे. काम संपले की त्याच यंत्रावर बसून पुढच्या गावी! झारखंडमधले कोळसा वाहणारे लोक सांगाडा मजबूत करून सायकलीवर २०० किलो आणि त्याहूनही जास्त कोळसा लादतात आणि ती चालवत नाहीत, ढकलत नेतात. व्हिएतनामी सैन्याने १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत रसद अशीच नेली होती. हँडलला बांबू बांधून लांब केला की ओझ्याच्या बाहेर उभे राहून सायकल वळवता येते.

यांतल्या कोणत्याही सुधारणेला साल नाही, नाव नाही. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी केले तो शोध, आणि दूधवाल्याने केले ते ‘जुगाड’? हा भेद वापराच्या अवघडपणावरून ठरलेला नाही. त्या पोरांचे गिऱ्हाईक श्रीमंत होते, दूधवाल्याचे नव्हते. ‘जुगाड’ हा शब्द हल्ली व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत फार कौतुकाने वापरतात, पण त्या कौतुकात पाठीवर थाप जास्त आणि मोजमाप कमी असते. फोर्कला लावलेल्या सळ्यांनी बळ नेमके किती वाढते, ओझे खाली आसाजवळ ठेवले की तोल का सांभाळतो, हे विचारणे म्हणजे त्या कामाला गांभीर्याने घेणे.

लहान मुलांचेच पाहा. मोठ्या माणसाची सायकल, सीटपर्यंत पाय पोचत नाहीत. मग दांडीखालच्या त्रिकोणातून पाय पलीकडे घालून, कमरेत वाकून पेडल मारायचे. भारतातल्या किती पिढ्या अशा सायकल शिकल्या असतील! यात मूल एका बाजूला आणि सायकल दुसऱ्या बाजूला कलते, म्हणून दोघांचा मिळून गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेवर राहतो. कोणत्याही कारखान्याने ही रीत कल्पिलेली नव्हती.

दांडीचा आणखी एक दाखला फार महत्त्वाचा आहे. झगा घालणाऱ्या स्त्रियांना दांडी अडते, म्हणून युरोपात बिनदांडीची ‘लेडीज’ सायकल निघाली. बायकर यांच्या पद्धतीने पाहिले तर प्रश्न सुटला, विषय मिटला. १९९०च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर स्त्रियांना सायकल शिकवण्याची मोहीम झाली. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीतल्या ताया अशा हजारो जणी शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिले आहे. लेडीज सायकली पुरेशा मिळेनात, म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच जास्त पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते! इंग्लंडमधल्या बाईची अडचण ती पुदुकोट्टईतल्या बाईची सोय. ‘पुऱ्या’ झालेल्या यंत्राचा अर्थ शंभर वर्षांनी पुन्हा उलटला, आणि तो उलटवणाऱ्या बायकांना सायकलीमुळे पाणी आणायला, कामावर जायला, कोणाच्या सोबतीवाचून बाहेर पडायला मिळाले.

अर्नोल्ड यांचे पुस्तक नेमके येथे उपयोगी पडते. यंत्र भारतात ‘आले’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. आल्यावर त्याचे काय झाले ते पाहतात. शिवणयंत्राचे उदाहरण त्यांनी चांगले मांडले आहे. सिंगर कंपनीने अमेरिकेत यंत्र विकले ते गृहिणीला. भारतात ते मोठ्या प्रमाणावर गेले शिंप्याकडे, दुकानाच्या ओट्यावर. गांधीजी यंत्रांविषयी काय म्हणत हे सर्वांना ठाऊक आहे, पण १९२४ साली त्यांनी सिंगरचे यंत्र अपवाद म्हणून मान्य केले होते. एकच यंत्र घरकामाचे, धंद्याचे आणि स्वदेशीच्या वादाचे असे तिन्ही झाले.

तरीही पुस्तक वाचताना एक रुखरुख राहते. अर्नोल्ड यांचा मुख्य आधार इंग्रजी कागदपत्रांचा आहे: सरकारी दप्तरे, व्यापाराचे अहवाल, वर्तमानपत्रे. त्यामुळे आयात करणारा दिसतो, पोलीस दिसतो, परवाना दिसतो. पंक्चर काढणारा अंधुक होतो. मराठीपुरते बोलायचे तर साधने कमी नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली आणि १९०३ साली लोखंडी नांगर आला, हे आपण शाळेत वाचतो. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकऱ्यांनी तो आधी नाकारला, हेही वाचतो, आणि शेतकऱ्यांच्या अडाणीपणाला हसून पुढे जातो. जड नांगराला बैल किती लागतील, मोडला तर गावातला लोहार तो सांधू शकेल का, असे सवाल नांगर घेणाऱ्यासमोर असतातच. त्यांकडे आपले लक्ष जात नाही. नाकारणे हीसुद्धा यंत्र घडवण्याचीच एक रीत आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनीही मोटारीला आधी विरोधच केला होता. मग १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ आल्यावर त्यांनी तिचे मागचे चाक उचलून पट्टा लावला आणि लाकूड कापण्यापासून कपडे धुण्यापर्यंत कामे करून घेतली. आमचा धार लावणारा आणि तो शेतकरी यांची गाठ पडली असती तर दोघांचे चांगले जमले असते!

आता एक अडचणीची गोष्ट. ‘सामान्य लोकांनी तंत्रज्ञान घडवले’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण सगळ्या सामान्य लोकांना ते घडवता आले का? १९९३ साली लँग्डन विनर यांनी बायकर यांच्या पंथाला हाच प्रश्न केला: ज्यांचे कोणी ऐकलेच नाही, त्यांना तुमच्या हिशेबात जागा कोठे आहे? अर्नोल्ड यांचे चौथे यंत्र, भाताची गिरणी, हे त्याचे उदाहरण आहे. बंगालमध्ये ढेंकीवर भात कांडणे हे गरीब बायकांचे, विशेषतः विधवांचे, पोट भरण्याचे साधन होते. गिरण्या आल्या आणि ते काम गेले. गिरणीच्या रचनेत या बायकांना कोणीही काही विचारले नाही. (आपल्याकडे कोकणातली घिरटे आणि उखळेही अशीच माळ्यावर गेली. तेथे घरच्या बायकांचे कष्ट वाचले हे खरे, पण मजुरीवर कांडणारीचे काय झाले, हे कोणी विचारले?) शिवाय गिरणीत तांदूळ जास्त सडला जातो आणि कोंड्याबरोबर थायमिन हे जीवनसत्त्व निघून जाते, सडलेल्या तांदळावरच गुजराण करणाऱ्यांत बेरीबेरी दिसू लागला. अर्नोल्ड हे सगळे नोंदवतात, पण सायकलीच्या प्रकरणातला उत्साह आणि गिरणीच्या प्रकरणातली हानी ते शेजारी ठेवून देतात, एकमेकांसमोर उभे करत नाहीत. सायकल वापरणाऱ्याला बदलता का आली आणि गिरणी कांडणारणीला का नाही? माझ्या मते कारण बरेचसे साधे आहे. सायकल विकत घेता येते, पान्याने उघडता येते, तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. गिरणीचा मालक वेगळा आणि तिच्यामुळे काम गमावणारी वेगळी. म्हणून ‘कोणी वापरले’ याबरोबर ‘ते कोणाच्या मालकीचे होते’ आणि ‘ते उघडता येत होते का’ हेही विचारायला हवे. मोबाइल फोनच्या बाबतीत आज हेच प्रश्न आहेत. साध्या स्क्रूऐवजी खास स्क्रू आणि गोंद वापरून कंपन्या तो उघडू देत नाहीत, आणि तरीही गल्लीतला दुरुस्तीवाला तो उघडतो.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. उपकरण माहितीपत्रकाप्रमाणे क्वचितच चालते. कार्यशाळेतले मिस्त्री त्याला एक कंस जोडतात, एक झडप बदलतात, आणि मग मोजमापे मिळू लागतात. शोधनिबंधात मोजमापे येतात; मिस्त्रींचे नाव फार तर शेवटी आभारात.

तेव्हा तक्त्यात चौथा रकाना घालायचा तर तो भरायचा कसा? त्यासाठी परदेशी पुस्तकांची गरज नाही. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन एखाद्या जुन्या सायकल दुकानात जावे आणि मालकांना चाकाचा ‘आउट’ काढून दाखवायची विनंती करावी. ते चाक फिरवतात, डोळा एका जागी ठेवतात, एखादी तार बोटाने छेडतात आणि आवाजावरून तिचा ताण ओळखतात. ताण आणि आवाजाची पट्टी यांचा संबंध मुलांनी पुस्तकात वाचलेला असतो. बहुतेक काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकात ३२ तारा असतात आणि मागच्यात ४०. असे का, हे आधी मुलांना विचारावे, मग दुकानदारांना. आणि पुढे ओझे टांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे चाक ते कसे बांधून देतात, हेही विचारून घ्यावे. उत्तर वहीत लिहावे, तारीख घालावी आणि सांगणाऱ्याचे नावही.